पक्षिवेत्ते सालिम अली

वन्य पशुपक्ष्यांचे दर्शन व त्यांची छायाचित्रे हा विषय निघाला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे तत्काळ आफ्रिका खंड उभा राहतो, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही. सिंहांचे कळप, उंच मानेचे जिराफ, पाणवठ्यावर लोटणारी हत्तींची रांग ही दृश्ये त्यांनी पुस्तकांतून व पडद्यावर इतक्या वेळा पाहिलेली असतात की ती त्यांना गावच्या आठवडेबाजाराइतकीच परिचयाची वाटतात. कार्ल शिलिंग्ज नावाच्या जर्मन शिकाऱ्याने पूर्व आफ्रिकेच्या रानात अंधाऱ्या रात्री क्षणिक प्रकाश पाडून वन्य श्वापदांची छायाचित्रे घेतली आणि १९०५ साली ती पुस्तकरूपाने जगापुढे ठेविली. तेव्हापासून बंदुकीच्या जागी कॅमेरा घेऊन रानात जाण्याची कल्पना हळूहळू रूढ होत गेली. पुढे १९२६ साली दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले व श्वापदे मारण्यासाठी नव्हे तर केवळ पाहण्यासाठी प्रवास करणाऱ्यांची रीघ लागली.

परंतु आपल्या परंड्याच्या वेशीबाहेर पडून पहाटेच्या वेळी एखाद्या उघड्या माळावर उभे राहिले असता जे दिसते, तेही कमी मोलाचे नाही. किल्ल्याच्या खंदकाकाठी बसणारा खंड्या, नांगरामागून चालणारे बगळे, माळावरून एकाएकी उंच जाऊन गाणारा चंडोल, हे सारे आम्ही रोज पाहतो आणि पाहूनही पाहत नाही. हे पाहण्याची विद्या आपल्या देशात ज्यांनी रुजविली, ते डॉ. सालिम अली यांचे चरित्र आम्ही या अंकी आमच्या वाचकांस सादर करीत आहोत.

सालिम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वयाचे एक वर्ष झाले तोच पितृछत्र हरपले, आणि तिसऱ्या वर्षी मातेचाही वियोग घडला. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या मुलांस खेतवाडीतील आपल्या घरी आणून पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविले. त्यांचे प्राथमिक शिक्षण गिरगावातील झनाना बायबल अँड मेडिकल मिशनच्या मुलींच्या शाळेत, बहिणींच्या सोबतीने झाले. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट वाचून थोडी मौज वाटेल, म्हणून ती मुद्दाम येथे नमूद करीत आहोत.

अमिरुद्दीन मामा नामांकित शिकारी होते. घरात बंदुका होत्या, शिकारीच्या कथा होत्या, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान मुलाच्या हातीही छऱ्यांची बंदूक देण्यात कोणास काही वावगे वाटत नसे. सालिमने चिमण्या मारण्यात चांगलेच नैपुण्य मिळविले. चेंबूर येथे मुक्कामास असता एका तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत बसलेली, नर बाहेर राखण करीत असे. या बालशिकाऱ्याने आडोशाला दबा धरून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर पडले. हे कृत्य वाचून आमच्या कोमल मनाच्या वाचकांस वाईट वाटेल, आणि ते योग्यच आहे. तथापि येथे दुसरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाने घडलेला प्रकार तारीखवार टिपून ठेविला होता. मारणारी मुले गल्लोगल्ली असतात, परंतु मेलेल्या नराच्या जागी दुसरा नर कोठून येतो असा प्रश्न पडून तो कागदावर उतरविणारे मूल विरळा. पुढे साठ वर्षे जे कार्य या माणसाच्या हातून व्हावयाचे होते, त्याचा अंकुर बंदुकीत नसून त्या टिपणात होता, असे आम्हांस वाटते.

असाच एक दिवस त्यांच्या छऱ्याने पडलेली एक चिमणी नेहमीच्या चिमण्यांहून वेगळी दिसली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता, जणू कोणी हळदीचे बोट लावावे तसा. हा पक्षी खाण्यास योग्य की अयोग्य, असा प्रश्न घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामांनाही त्याची जात सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. त्यांनी संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्यास तिकडे पाठविले. साहेबाच्या दारात जाऊन उभे राहणे त्या काळच्या हिंदी मुलास सोपे नव्हते. सालिम बिचकतच आत गेला. परंतु मिलार्ड यांनी त्या मुलास हाकलून तर दिले नाहीच, उलट पक्षी पाहून ती पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे असे सांगितले, कपाटे उघडून पेंढा भरून ठेविलेले पक्ष्यांचे नमुने एकामागून एक दाखविले, वाचावयास पुस्तके दिली, आणि नमुने कसे जतन करावेत हे शिकविण्याची व्यवस्था केली. एका गृहस्थाने अर्धा तास खर्च केला, आणि या देशास एक पक्षिवेत्ता मिळाला. आम्ही शिक्षक रोज कितीतरी मुलांस दारातून परत पाठवितो. त्यांतील कोणाच्या खिशात कोणती चिमणी होती, हे आम्हांस कळतही नाही.

शालेय अभ्यासात मात्र सालिमचे मन रमले नाही. डोकेदुखीच्या विकाराने शाळेत वारंवार खंड पडला. हवापालटासाठी काही काळ सिंध प्रांती नातलगांकडे पाठविले गेले. १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाली. सेंट झेवियर महाविद्यालयात नाव घातले, परंतु पहिल्याच वर्षी ते सोडून ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात मदत करण्यास ते निघून गेले. तेथील घनदाट अरण्यात धंदा कितपत झाला हा प्रश्नच आहे, पक्षिनिरीक्षण मात्र भरपूर झाले. हे वाचून आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने बीजगणिताचे पुस्तक मिटून ठेवू नये. पदवी नसल्याची किंमत या गृहस्थांस पुढे जन्मभर द्यावी लागली. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा विद्यापीठाची पदवी नाही या एकाच कारणास्तव ती त्यांच्या हातची गेली.

१९१७ साली ते मुंबईस परतले. सकाळी दावर महाविद्यालयात कायदा व जमाखर्च शिकावा, असा दिनक्रम सुरू झाला. परंतु सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांची खरी ओढ ओळखली व त्यांस प्राणिशास्त्राच्या अभ्यासाकडे वळविले. ब्लॅटर हे स्विस जेझुइट पाद्री आणि स्वतः मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी सालिम अलींचा विवाह झाला. या बाईंविषयी चरित्रकार दोन ओळींत आटोपते घेतात, ते आम्हांस योग्य वाटत नाही. सुखवस्तू घरात वाढलेली ही स्त्री पुढे पतीबरोबर रानोमाळ तंबूत राहिली, मुक्कामाची सारी व्यवस्था तिने सांभाळली, आणि पैशाची चणचण असता पतीने मनाविरुद्ध कारकुनी पत्करावी असा आग्रह तिने कधी धरला नाही.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात सृष्टिविज्ञानाचे दालन नव्याने उघडले होते. तेथे दरमहा ३५० रुपये वेतनावर मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा त्यांना मिळाली. काचेच्या पेटीतील निर्जीव पक्ष्यांविषयी शाळकरी मुलांपुढे बोलण्याचे हे काम त्यांनी दोन वर्षे केले, आणि मग रजा घेऊन ते १९२८ साली जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला. उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटावर पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांचे स्थलांतर शोधण्याची रीतही त्यांनी तेथेच पाहिली. १९३० साली मोठ्या उमेदीने मायदेशी परत येऊन पाहतात तो पैशाच्या अभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

हाती नोकरी नाही, मुंबईत राहणे परवडत नाही, अशा स्थितीत पतिपत्नी अलिबागनजीक समुद्रकाठच्या किहीम या खेड्यात जाऊन राहिली. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरा कोणी असता तर नशिबास दोष देत अंगणात बसला असता. सालिम अली कापडाच्या आडोशामागे जाऊन बसले, आणि दिवसेंदिवस, प्रहरामागून प्रहर, ती घरटी पाहत राहिले.

त्यांना दिसले ते असे. घरटे विणतो नर. ते अर्धे विणून झाले की तो पंख फडफडवून माद्यांस बोलावतो. माद्या येतात, आत शिरून विणकाम पारखतात, आणि पसंत न पडल्यास निघून जातात. एखादीने पसंत केले की नर घरट्याचे उरलेले काम पुरे करितो, मादी आत अंडी घालते, आणि हा गृहस्थ पिल्लांची चिंता तिच्यावर टाकून जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो. मग दुसरी मादी, मग तिसरे घरटे. आपल्या भाषेने या पक्ष्यास सुगरण हे स्त्रीलिंगी नाव देऊन विणकामाचे सारे श्रेय मादीस दिले आहे. ते श्रेय नराचे खरे, पण संसाराचा भार मादीचा! किहीमच्या या निरीक्षणांवरील लेख १९३१ साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व सालिम अलींचे नाव देशोदेशीच्या पक्षिशास्त्रज्ञांत झाले. बेकारीच्या दिवसांत, बिनपैशाने, घराशेजारच्या झाडाखाली बसून हे काम झालेले आहे.

याच सुमारास त्यांच्या मनात एक योजना आली. हिंदुस्थानातील अनेक संस्थानांत पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी कधी झालीच नव्हती. सालिम अलींनी अशी तयारी दाखविली की आपण वेतन घेणार नाही, दरबाराने केवळ मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च द्यावा. प्रथम पुढे आले ते निजामाचे हैदराबाद संस्थान. १९३१ व १९३२ या दोन वर्षांत तेथील पाहणी पार पडली. आमच्या वाचकांस सांगणे नकोच की आपला उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव, आणि त्यातील परंडा तालुका १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. आपल्या मुलखातील पक्ष्यांची शास्त्रीय गणती करावी असे ज्यास प्रथम सुचले, तो मनुष्य बिनपगारी होता, ही गोष्ट आपण परंडेकरांनी विसरता कामा नये. जमविलेले नमुने इंग्लंडात ह्यू व्हिसलर यांनी तपासले, आणि दोघांच्या नावे त्याचा वृत्तांत क्रमशः प्रसिद्ध झाला. पुढे कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ इत्यादि संस्थानांच्या पाहण्या याच धर्तीवर झाल्या.

पाहणी म्हणजे काय, हे आज मोटारीतून अभयारण्ये पाहणाऱ्यांच्या लक्षात येणे कठीण आहे. तंबू, पेट्या, शिधा असा सारा संसार बैलगाडीवर लादून वाट नसलेल्या मुलखात शिरावयाचे, उजाडण्यापूर्वी उठून मैलोगणती पायी हिंडावयाचे, दुपारी नमुन्यांची कातडी स्वच्छ करून त्यांना चिठ्ठ्या बांधावयाच्या, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभराची टिपणे लिहावयाची. होय, नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागत, आणि सालिम अलींनी ते कधी लपविले नाही. शास्त्रास आवश्यक तेवढेच मारावे, मौजेखातर एकही मारू नये, ही मर्यादा त्यांनी स्वतःस घालून घेतली होती. ज्यांना हेही मान्य नाही असे वाचक असतील, त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. त्यांनी याच काळातील पुढील घटनेशी तुलना मात्र करून पाहावी. भरतपूर संस्थानातील पाणथळ रानात १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ शिकार झाली, आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा आजही तेथील शिळेवर कोरलेला पाहावयास मिळतो.

१९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम यांचे निधन झाले. विवाहास एकवीस वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि पोटी संतान नव्हते. या आघाताने ते खचून गेले. नंतर भगिनी कमू व मेहुणे हसन अली यांनी त्यांस आपल्या घरी नेले, आणि तेच पुढे त्यांचे घर झाले. दोन वर्षांनी, १९४१ साली, त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रंगीत चित्रांसह प्रत्येक पक्ष्याची ओळख सामान्य माणसास समजेल अशा भाषेत देणाऱ्या या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या. आज या देशात ज्याने म्हणून गळ्यात दुर्बीण अडकविली आहे, त्याची सुरुवात बहुधा याच पुस्तकाने झालेली असते.

आता छायाचित्रांकडे वळू. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य सिंगापुरावर चालून आले, तेव्हा लोक वान थो नावाचा एक धनाढ्य चिनी तरुण जहाजाने निसटला. वाटेत जहाजावर बाँब पडले, तो भाजला, आणि काही काळ त्याची दृष्टीही गेली. बरा होऊन तो हिंदुस्थानात आला व मुंबईस सालिम अलींच्या सहवासात पडला. ज्याचे डोळे जाता जाता वाचले, त्या गृहस्थाने पुढे आशियातील उत्तमोत्तम पक्षिछायाचित्रे घ्यावीत, हा विलक्षण योग होय. दोघांनी पुढे अनेक प्रवास एकत्र केले. लोक वान थो कॅमेरा सांभाळी, सालिम अली दुर्बीण व टिपणवही. १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात लोक यांचा अंत झाला, तोवर ही मैत्री अखंड होती.

पक्ष्याचे छायाचित्र घेणे हे सिंहाचे छायाचित्र घेण्याहून सोपे आहे, असे कोणी समजू नये. आफ्रिकेच्या उद्यानात मोटारीची सवय झालेला सिंह झाडाखाली स्वस्थ पडून असतो. घरट्यावरचा पक्षी मनुष्याच्या चाहुलीनेच उडतो, आणि फार त्रास झाला तर घरटे कायमचे सोडून जातो. म्हणून आडोसा प्रथम दूर उभारावयाचा, रोज थोडा थोडा पुढे सरकवावयाचा, पक्ष्यास त्याची सवय होऊ द्यावयाची. मग दोघांनी मिळून आत जावयाचे आणि एकाने बाहेर पडून निघून जावयाचे. पक्ष्यास मोजता येत नाही, मनुष्य गेला असे समजून तो निर्धास्तपणे परत येतो. आत बसलेल्याने मात्र उन्हात घामाघूम होत, डास मारण्यासाठीही हात न हलविता, तासन्‌तास वाट पाहावयाची. वर्गात अर्धा तास स्वस्थ न बसणाऱ्या आमच्या काही मित्रांनी याचा विचार करावा.

१९४५ साली सालिम अली कच्छच्या मोठ्या रणात गेले. चिखल, खारे पाणी आणि क्षितिजापर्यंत दुसरे काही नाही, अशा त्या ओसाड प्रदेशात रोहित पक्षी मातीचे लहान लहान उंचवटे करून त्यांवर अंडी घालतात. सालिम अलींनी घरट्यांची गणती केली, ती एक लाखावर भरली. एवढी मोठी पक्ष्यांची नगरी आपल्या देशात आहे, याची जगास खात्री पटली ती या गणतीमुळे. गुलाबी छटेचे हे पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनीच्या जलाशयावरही उतरतात. तेथवर जाऊन पाहण्यास रणाचा चिखल तुडवावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरच्या त्या पाणथळीचे पाणी काढून जमीन शेतीस द्यावी अशी मागणी झाली. सालिम अलींनी पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचविली. जेथे ४,२७३ पक्षी एका दिवसात पडले होते, तेथे संस्थेचे कार्यकर्ते पक्षी जाळ्यात धरून, पायात कडी घालून, पुन्हा सोडून देऊ लागले. १९८१-८२ च्या सुमारास ते राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु हा वृत्तांत येथेच गोड करून संपविणे खरेपणाचे होणार नाही. उद्यान होताच गावकऱ्यांची गुरे व म्हशी आत सोडण्यास मनाई झाली. या मनाईस सालिम अलींचा पाठिंबा होता. १९८२ साली त्यावरून गावकरी व पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला, आणि काही ग्रामस्थ प्राणास मुकले. पुढे सालिम अलींच्याच संस्थेने अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा दिसून आले की म्हशी पाण्यातील गवत खात असल्यामुळे पाणी मोकळे राहत होते, आणि चराई बंद होताच गवत माजून अनेक पक्ष्यांची जागा आक्रसली. थोर शास्त्रज्ञाचे मत येथे चुकले होते. ती चूक त्यांच्याच शिष्यांनी, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे मोजमाप करून उघड केली, आणि असे शिष्य तयार करणे हेही त्यांचेच कर्तृत्व म्हटले पाहिजे.

सन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेचे सभासदत्व, शिवाय परदेशी पदके. वन्यजीवरक्षणाचे एक मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्याची रक्कम त्यांनी संस्थेच्या कार्यास देऊन टाकली. अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने भारत व पाकिस्तान येथील पक्ष्यांवरील दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. खंड पुरे झाले तेव्हा सालिम अली अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांस मोटारसायकलीचा भारी षोक होता. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपली मोटारसायकल बोटीतून नेऊन ते युरोपच्या रस्त्यांवरून तीवर स्वार होऊन हिंडले. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. चिमणीच्या पडण्याविषयीचे ते शब्द शुभवर्तमान वाचणाऱ्यांस तत्काळ ओळखीचे वाटतील. मिशनच्या शाळेत अक्षरे गिरविणाऱ्या या मुस्लिम गृहस्थाने बालपणी पडलेल्या त्या पिवळ्या कंठाच्या चिमणीचे ऋण अशा रीतीने मान्य केले.

त्यांच्या अखेरच्या काळातील एक बातमी त्यांना फार सुखाची झाली असेल. जर्डनचा धाविक नावाचा पक्षी १९०० नंतर कोणास दिसला नव्हता, तो नष्ट झाला असेच सर्व समजून चालले होते. १९८६ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात, त्यांच्या संस्थेच्या एका तरुण संशोधकास तो सापडला. पुढच्याच वर्षी, २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी सालिम अली मुंबईस निवर्तले.

आपल्या भागाशी त्यांचा आणखी एक संबंध सांगावयाचा राहिला. भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याचा विचार चालू असता सालिम अलींचा कौल माळढोकास होता. निवड १९६३ साली मोराची झाली. मोरास कोणी नावे ठेवीत नाही, परंतु मोर राजवाड्यापासून देवळापर्यंत सर्वत्र पुजला जातो, आणि माळढोकाचा कैवारी कोणी नाही, हे सालिम अलींस दिसत होते. माळढोक म्हणजे सुमारे एक मीटर उंचीचा, लांब पायांचा, डौलाने चालणारा पक्षी. मोठा नर दहा-पंधरा किलो भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यास जंगल नको, पाणथळ नको. त्यास हवा असतो गवताचा मोकळा माळ, आणि माळ म्हणजे पडीक जमीन असा समज असल्यामुळे प्रथम नांगर त्यावरच फिरतो.

सोलापुराहून बार्शीस येणाऱ्या सडकेवरील नान्नज येथे हे पक्षी आहेत हे ध्यानात आल्यावर १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांच्या अनेक तालुक्यांत मिळून माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, आणि आपल्या शेजारचा करमाळा तालुका त्यात येत असल्यामुळे अभयारण्याची हद्द जवळजवळ परंड्याच्या दारापर्यंत आली होती. १९८० नंतरच्या दशकात सालिम अलींच्या संस्थेच्या संशोधकांनी नान्नज येथे राहून या पक्ष्याचा अभ्यास केला. परंतु त्या हद्दीत गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. जमिनीच्या खरेदीविक्रीस अडथळा आला, विहीर-बांधकामास अडथळा आला, आणि ज्या पक्ष्यास शेतकऱ्याने कधी त्रास दिला नव्हता, तो पक्षी त्यास नकोसा झाला. भरतपूरच्या म्हशींची कथा येथे निराळ्या वेषात पुन्हा घडली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटर ठेवण्यात आले. तोवर बराच उशीर झाला होता. माळांवर ऊस उभा राहिला, विजेच्या तारा आल्या, आणि जड अंगाचा, समोरचे नीट न दिसणारा हा पक्षी तारांवर आदळून मरू लागला. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत, आणि नान्नजच्या माळावर एखादाच दिसला तर दिसतो.

तथापि माळ अजून आहे. परंड्याहून बार्शीमार्गे नान्नज एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. तेथे वनखात्याची परवानगी घेऊन आत जाता येते, आणि निरीक्षणासाठी मनोरा आहे. काळविटांचे कळप हमखास दिसतात, नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड दिसते. चंडोल, पखुर्डी, धाविक हे माळाचे पक्षी तर पहाटे मुबलक. कॅमेरा नसला तरी चालेल, वही व पेन्सिल मात्र न्यावी, आणि पाहिले ते त्याच जागी, वेळेसह लिहून ठेवावे. मनोऱ्यावर बोलू नये व भडक रंगाचे कपडे घालू नयेत. पावसाळ्याच्या आरंभी, माळढोकाच्या विणीच्या दिवसांत, गवतातून पायी हिंडण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये, कारण त्याचे अंडे उघड्या जमिनीवर असते आणि ते मातीच्याच रंगाचे दिसते.